हार्टेनाऊची अक्षरं

"पण ट्रॅक्टर तर तुमच्या मुलानं विकला ना, हेर लाडेमान?" मालिनीनं विचारलं.

"ट्रॅक्टर विकला. मागची ट्रॉली गोठ्यात उभी आहे." म्हातारा काउंटरला टेकून उभा होता. "तिला नंबर हवाय."

"न वापरायच्या ट्रॉलीला?"

"जून संपायच्या आत घेतला तर एच टी एन मिळेल. जुलैपासून मागूनही मिळायचा नाही म्हणतात."

मालिनी हसली. तिनं त्याच्या हातातली नोंदणीची चिठ्ठी घेतली, अक्षरांचे साचे रांगेत लावले, त्यावर पांढरा कोरा पत्रा ठेवला आणि प्रेसची कड खाली ओढली. पत्र्यावर अक्षरं उठली. मग पत्रा तापलेल्या रोलरखालून काळ्या फितीसकट सरकला आणि बाहेर आला तेव्हा त्यावर एच टी एन, म्हणजे हार्टेनाऊ, उमटलेलं होतं. लाडेमाननं ती प्लेट दोन्ही हातांत धरून लांब केली, जवळ आणली, आणि समोरच्या ऑफिसात शिक्का चिकटवून घ्यायला रस्ता ओलांडून गेला.

हार्टेनाऊ हे झाक्सन-आनहाल्टमधलं लहान गाव, पण क्राइसचं ठाणं. क्राइस म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा, आकारानं तालुक्याएवढा. जिल्ह्याचं मुख्य ऑफिस, लांडराट्सआम्ट, गावाच्या मधोमध होतं, आणि त्याच्या तळमजल्यावर गाड्यांची नोंदणी चाले. नोंदणी झाली की माणूस नंबर घेऊन बाहेर पडायचा, समोरच्या दुकानात प्लेट करून घ्यायचा आणि शिक्क्यासाठी पुन्हा आत जायचा. ते समोरचं दुकान मालिनी कुलकर्णींचं. रस्त्याच्या टोकाला आणखी एक दुकान होतं, पण लोक बहुतेक हिच्याकडेच यायचे.

राज्याच्या विधानसभेनं माग्डेबुर्गमध्ये नवा कायदा केला होता. गावं ओस पडत चाललीत, एवढे क्राइस परवडत नाहीत, तेव्हा दोन-दोन तीन-तीन मिळून एक करायचे. दोन हजार सातच्या पहिल्या जुलैला हार्टेनाऊचा क्राइस शेजारच्यात विलीन होणार होता. ठाणं तिकडे, क्लोस्टरविट्झला. लांडराट, म्हणजे क्राइसचा प्रमुख, तिकडे, ऑफिसं तिकडे, आणि गाड्यांवरची अक्षरंही तिकडची.

तशी ही अक्षरं काही पिढीजात नव्हती. भिंत पडल्यानंतर, दोन्ही जर्मनी एक झाल्यावर मिळालेली. पण त्या वर्षांत गावातून कारखाना गेला, तरुण मुलं गेली, शाळेचे वर्ग बंद झाले. गाडीवरची तीन अक्षरं तेवढी वाढली होती. म्हणून त्या वसंतात हार्टेनाऊच्या लोकांनी जे जे चाकावर चालतं त्या सगळ्याला नंबर घेऊन ठेवायचा सपाटा लावला. दुकानात अशी गर्दी मालिनीनं कधी पाहिली नव्हती. आणि एवढी गर्दी दुकान बंद व्हायच्या आधीची आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. समोरचं ऑफिस गेल्यावर प्लेट करायला इथे कोण येणार?

*

मालिनी मूळची मिरजेची, बी.कॉम. झालेली. नवरा सुधीर पीएच.डी.साठी माग्डेबुर्गला आला तेव्हा त्याच्याबरोबर आली. पुढे त्याला वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात नोकरी लागली, पण घर घेतलं ते हार्टेनाऊत, कारण इथे बाग असलेलं घर परवडत होतं आणि स्टेशन चालत गाठता येत होतं. मुलगी ऊर्जा बालवाडीत जायला लागली तेव्हा मालिनीनं दुकानाच्या काचेवरची 'मदतनीस पाहिजे' ही पाटी वाचली आणि आत गेली. दुकानाची जुनी मालकीण, फ्राउ क्र्योगर, निवृत्त झाली तेव्हा प्रेससकट दुकान मालिनीनंच घेतलं. वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळींत कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" की सुधीर सुरुवातीला म्हणायचा, "ऑटोमोटिव्हमध्येच आहे." मग एका गणपतीत मालिनीनं सगळ्यांसमोर सरळ सांगितलं, "मी नंबरप्लेटा छापते," आणि त्यानंतर तोही तसंच सांगायला लागला.

कायद्याची बातमी पक्की झाली त्या रविवारी जेवताना त्यानं विषय काढला.

"मालिनी, मी म्हणतो आता आवरूया इथलं. वोल्फ्सबुर्गला शिफ्ट होऊ. रोजचा ट्रेनचा ताप जाईल माझा. तूही इतकी वर्षं उभी राहून काम केलंयस."

"अहो, मी दमले असं कधी म्हटलंय का?"

"दमली नाहीस, पण आम्टच जातंय ना समोरचं. गिऱ्हाईक कुठून येणार?"

"आम्ट जिथे जातंय तिथून."

सुधीरनं घास थांबवला. "क्लोस्टरविट्झला? तिथे आधीच आहे की दुकान कुणाचं तरी."

"एक आहे. इथे नाही का दोन?"

"इश ब्लाइब हिअर," ऊर्जा ताटातून मान वर न करता म्हणाली. मी इथेच राहणार. पंधरा वर्षांच्या मुलीला मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं.

"बघा," मालिनी म्हणाली. "एक मत पडलं."

सुधीरनं वरणाचं भांडं पुढे ओढलं. तो रागावला नव्हता. पण बायकोचा हा स्वर त्याच्या ओळखीचा होता. हा स्वर लागला की पुढचं तिचं तिनं ठरवलेलं असतं.

*

मे महिन्यात शाळेच्या सभागृहात दोन्ही क्राइसच्या सभासदांची एकत्र सभा भरली. नवीन क्राइससाठी निवडून आलेला लांडराट क्लोस्टरविट्झचाच होता, उंच, शांत बोलणारा माणूस. कामकाज सुरू होण्याआधी नागरिकांना प्रश्न विचारता येत. हार्टेनाऊचे लोक झाडून आले होते. लाडेमान कोट घालून पहिल्या रांगेत बसला होता.

"तुम्ही विचारा," त्यानं मालिनीला आधीच सांगून ठेवलं होतं. "आम्ही बोललो की रडगाणं वाटतं त्यांना. तुमचं ऐकतील. नोंदणी ऑफिस इथेच राहू द्या म्हणावं."

मालिनीनं हात वर केला. माइक तिच्या हातात आला.

"माझे दोन प्रश्न आहेत, हेर लांडराट," ती म्हणाली. "पहिला. नोंदणीचं ऑफिस तुम्ही क्लोस्टरविट्झला नेताय. इथून तिथे सकाळची थेट बस नाही. ज्यांनी गाडी चालवणं सोडलंय, त्यांना गाडी विकली हे कळवायलासुद्धा तिथे यावं लागेल. त्यांनी कसं यायचं?"

सभागृहात कुणीतरी बाक वाजवला. लांडराट शेजारच्या अधिकाऱ्याशी बोलला आणि म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे. सकाळच्या बसचा विचार आम्ही नक्की करू."

"विचार कधीपर्यंत होईल?"

मागून हसण्याचा आवाज आला. लांडराटही हसला. "शरद ऋतूच्या वेळापत्रकात बस असेल. हे माझं उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या."

"धन्यवाद. दुसरा प्रश्न." मालिनीनं माइक दुसऱ्या हातात घेतला. "नवीन ऑफिसच्या इमारतीत प्लेटच्या दुकानांसाठी गाळे असणार आहेत. ते फक्त क्लोस्टरविट्झच्या लोकांसाठी आहेत, की आता क्राइस एकच झाला म्हटल्यावर आम्हीही अर्ज करू शकतो?"

बाक वाजवणारा हात थांबला. हार्टेनाऊच्या लोकांना तिनं ऑफिस परत मागावं असं वाटत होतं, आणि ती तर तिकडे जायचा रस्ता विचारत होती.

लांडराट तिच्याकडे वळला. "गाळे सर्वांसाठी खुले असतील," तो म्हणाला. "नवीन क्राइसमध्ये सगळे सारखे."

"तेही लिहून घेतलंत ना?"

"तेही."

बाहेर पडताना लाडेमान तिच्या बाजूनं चालत होता. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाला, "म्हणजे तुम्हीही जाणार."

"ऑफिस थांबणार नव्हतं, हेर लाडेमान. कायदा झालाय. मी मागितलं असतं तर त्यांनी गोड बोलून नाही म्हटलं असतं, आणि आपण सगळे ऐकून घरी गेलो असतो."

"तरी मागायला हवं होतं," तो म्हणाला.

तो त्याच्या रस्त्यानं गेला आणि ती तिच्या. आपण केलं ते योग्यच केलं याबद्दल मालिनीला शंका नव्हती. तरी त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सुधीरनं काही न विचारता तिला दहीभात कालवून दिला.

*

समोरच्या ऑफिसात शिक्के चिकटवणाऱ्या बाईचं नाव फ्राउ यानके. खिडकीतून ती मालिनीला रोज दिसायची आणि मालिनी तिला. पण इतक्या वर्षांत ती एकदाही दुकानात आली नव्हती. सरकारी माणसानं एका दुकानात चहा प्यायला तर दुसऱ्यानं काय समजायचं, हा तिचा हिशेब. कुणी विचारलं, प्लेट कुठे करू, तर ती म्हणायची, "बाहेर दोन दुकानं आहेत." तेवढंच. मालिनीची आई गेली तेव्हा मिरजेहून परत आल्यावर ही बाई तिला बसथांब्यावर भेटली, तिचा हात हातात घेऊन बस येईपर्यंत उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीतून पुन्हा नुसती मान हलवली.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी रांग रस्त्यावर आली होती. घोडे न्यायचा ट्रेलर, दोन जुन्या मोटरसायकली, एक लग्नाच्या वाढदिवसाची तारीख नंबरात हवी असलेलं जोडपं. मालिनीचा खांदा भरून आला, पण हात थांबला नाही. ऊर्जा शाळेतून सरळ दुकानात आली आणि न सांगता कोरे पत्रे पुसून द्यायला लागली. सभेनंतर काही दिवस लोक दुकानात गप्प गप्प असायचे. आता तेच लोक प्लेट हातात घेऊन रेंगाळत होते. कुणी क्लोस्टरविट्झला गाळा मिळाला का विचारलं, आणि मिळाला म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाले. काही जण नुसते पैसे देऊन गेले.

दुपारी ऑफिसचा दरवाजा बंद झाला. मालिनी रोलर थंड होऊ देत होती, तेवढ्यात फ्राउ यानके रस्ता ओलांडून आली. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात ऑफिसातले दोन ग्लास.

"आता मी हार्टेनाऊच्या क्राइसची नोकर नाही," ती दारातच म्हणाली. "आणि दुसरीकडची सोमवारपासून. मधले दोन दिवस मी कुणाचीच नाही. आत येऊ?"

मालिनीनं स्टूल पुढे केलं. फ्राउ यानकेनं दुकान नीट पाहून घेतलं. प्रेस, साच्यांचे खण, भिंतीवरचं मिरजेच्या दर्ग्याचं कॅलेंडर.

"बाहेरून मोठं वाटायचं," ती म्हणाली.

"सगळ्यांनाच वाटतं."

"मला रोज जायला-यायला लागणार आता तिकडे. माझ्या वयात नवीन टेबल." तिनं ग्लास भरले. "सभेत मी मागे बसले होते. तुम्ही लोकांना फार निराश केलंत."

"माहीत आहे."

"मला नाही केलंत. तुम्ही मागितलेल्या बसनं माझी आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ शकेल." तिनं ग्लास उचलला आणि थोडी लाजून म्हणाली, "मी रेनाटे. तुझं नाव मला पाटीवरून माहीत आहे, पण उच्चार कसा करायचा ते सांग."

मालिनीनं सांगितलं. दुसऱ्या वेळेला रेनाटेला बरोबर जमलं.

*

क्लोस्टरविट्झचा गाळा हार्टेनाऊच्या दुकानाच्या निम्म्यानं होता. प्रेस आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली. शेजारच्या गाळ्यातला दुकानदार, हेर वेंट, पहिल्या सकाळी हात मागे बांधून बघत उभा राहिला आणि मग स्वतःहून म्हणाला, "तुमच्या रोलरची वायर इथून घेऊ नका, पाय अडकतील." मालिनीनं त्याच्या सांगण्याप्रमाणे वायर भिंतीकडून घेतली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आली ती एक तरुण मुलगी, पहिलीच गाडी घेतलेली, चिठ्ठी दोन वेळा वाचून बघणारी. मालिनीनं नव्या जिल्ह्याची अक्षरं लावली. हात सवयीनं पहिल्यांदा एचच्या खणाकडे गेला, मग केकडे वळला. पत्रा ठेवला, कड ओढली.

"तुमचा उच्चार वेगळा आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही कुठल्या?"

हा प्रश्न मालिनीला या देशात कितीतरी जणांनी विचारला होता, आणि ती दर वेळी इंडिया म्हणायची. कुणी अधिक विचारलं तर मुंबईच्या खाली, असं सांगायची.

"हार्टेनाऊची," ती म्हणाली.

"अच्छा, तिकडच्या." मुलीनं मान डोलावली. "तो क्राइस आता नाही ना राहिला?"

"नाही. शनिवारी रात्री संपला."

रोलरखालून प्लेट बाहेर आली. मालिनीनं ती कडांना धरून काउंटरवर ठेवली, आणि मुलीनं हात पुढे केला तेव्हा तिला थांबवलं.

"जरा दम धर," ती म्हणाली. "अक्षरं अजून गरम आहेत."