उजवीकडची जागा

आश्विनातले ऊन होते. धुतलेले, निथळलेले, अंगणभर हळदीसारखे सांडलेले ऊन. कृष्णेचे गढूळ पाणी निवळत चालले होते, काठाची काळी माती उघडी पडत होती, झेंडूच्या केशरी वाफ्यांवर फुलपाखरांची लगबग होती. आणि कराडातल्या एका आडगल्लीत, पत्र्याच्या छपराखाली, दुधी रंगाची एक जुनी फियाट त्या उन्हाकडे तोंड करून उभी होती. अकरा महिने ती जागची हलली नव्हती.

हलली नव्हती, पण गंजलीही नव्हती. भालचंद्र निकमांनी तिला गंजू दिले नव्हते.

साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला हा माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी या वृद्ध गाडीला वाहून घेतले होते. सकाळचा चहा झाला की बॉनेट उघडायचे, कार्ब्युरेटर कानाशी धरून त्यात फुंकायचे, प्लग काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे. कुठे गंजाचा तांबूस ठिपका दिसला की तो खरवडायचा आणि पिवळ्या फडक्याने ते दुधी अंग उजळत राहायचे. देवपूजा एखाद वेळी चुकेल, पण निकमांचे प्लग पुसणे चुकायचे नाही, असे गल्ली म्हणायची. गल्लीचे काही खोटे नव्हते.

आणि गंमत अशी, की एवढी लाडाची गाडी निकम चालवत मात्र नव्हते.

पाकिटात परवाना होता. तरुणपणी शिकलेही होते. पण नव्या नवलाईच्या त्या दिवसांत, मलकापूरच्या सरळसोट रस्त्यावर, इंजिनातली एक बारीकशी टिकटिक ऐकण्यात ते असे गुंगले, की गाडी संथपणे, सावकाश, अगदी सभ्यपणे मैलाच्या दगडावर जाऊन टेकली. शेजारी बसलेली त्यांची बायको इंदुमती हसून हसून लाल झाली. मग उतरली, वळसा घालून उजव्या दाराशी आली आणि हात पुढे करून म्हणाली, "अहो, सरका तिकडे. तुम्ही गाडी ऐका. मी रस्ता बघते."

ते सरकले, ते सरकलेच. सव्वीस वर्षे. ती उजवीकडे, ते डावीकडे. ती शिकवायची त्या शाळेला, लग्नाकार्यांना, औदुंबरला, माहेरच्या जत्रेला. पाचवारी साडीचा पदर कमरेला खोचून, आसन पुढे ओढून, ठेंगणी इंदुमती स्टिअरिंगमागे बसायची. निकम डोळे मिटून इंजिन ऐकायचे. गाडी दोघे मिळून चालवायचे.

आणि प्रत्येक दसऱ्याला सीमोल्लंघन. उन्हे कलली की जुन्या जकात नाक्यापलीकडे जायचे, हद्द ओलांडायची, आपट्याची पाने घेऊन परतायचे. सव्वीस वर्षांत हे चुकले नाही. गेल्या कार्तिकात इंदुमती गेली. चार दिवसांचा ताप, आणि गेली. तिच्या मागे निकमांनी मनाशी एकच गोष्ट पक्की धरली होती: दसऱ्याला गाडी हद्द ओलांडणार. ती ओलांडली, तर इंदुमतीतले काहीतरी अजून चालू आहे. नाही ओलांडली, तर सगळेच थांबले.

चालवणार होते शेजारचे रशीद मुल्ला. तीस वर्षे एसटी चालवलेला मितभाषी, पांढऱ्या दाढीचा माणूस. तसे ठरलेलेच होते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. पाने, पकडी, पेचकस, सारी आयुधे पाटावर मांडायच्या आधी निकमांनी गाडी शेवटची धुतली, पुसली, झळझळीत केली. उजवीकडच्या आसनाखालच्या पट्टीवर धूळ दिसली. हात आपल्या सवयीने गेला. खटका दाबला, आसन मागे सरकवले, पट्टी घासली, ग्रीस लावले, आसन दोनदा पुढेमागे करून पाहिले. लोण्यासारखे सरकत होते. निकमांना बरे वाटले.

आणि मग त्यांचा हात तसाच राहिला.

पाच खाचा होत्या त्या पट्टीला. इंदुमतीचे आसन कोणत्या खाचेत होते?

प्लगमधली फट त्यांना पाठ होती. चारी टायरांची हवा पाठ होती. कोणता नट किती आवळायचा, ते हाताला पाठ होते. पण ही एक खाच त्यांनी कधी मोजलीच नव्हती. मोजायची काय, ती तर होतीच की तिथे. अकरा महिने ते आसन तिच्या मापाने थांबले होते, तिच्या आखूड पायांच्या मापाने, आणि त्यांनी आपल्या हाताने, वर ग्रीस लावून, ते पुसून टाकले होते.

पहिल्या खाचेत लावले. डावीकडे येऊन बसले, पाहिले. नाही. दुसऱ्या खाचेत लावले. पाहिले. तिसऱ्या खाचेत लावले. प्रत्येक खाच खरी वाटे आणि प्रत्येक खाच खोटी वाटे. शेवटी स्टिअरिंगवर डोके टेकून तो कारखान्याचा दणकट माणूस लहान मुलासारखा रडला. तिच्या तेराव्यालाही ते असे रडले नव्हते.

दसऱ्याला दुपारी रशीदभाई पांढरा सदरा घालून आले. गाडीला झेंडूचा हार होता, चाकांवर कुंकू होते, आणि निकम पायरीवर बसून होते. चावी रशीदभाईंच्या हाती देत काय झाले ते त्यांनी तुटक तुटक सांगितले. रशीदभाईंनी आसनाकडे पाहिले, निकमांकडे पाहिले. बराच वेळ दाढी कुरवाळली.

"साहेब, ड्युटी बदलली की ड्रायवर आधी शिट आपल्या पायाला लावतो," ते म्हणाले. "मागला कितीबी चांगला असंना. तसं केल्याबिगार ब्रेकवर पाय पोचत न्हाई."

निकम हळूच उठले.

"चावी द्या, रशीदभाई."

रशीदभाईंनी चावी दिली. शेजारी बसू का, म्हणून विचारले. निकमांनी नकारार्थी मान हलवली. ते उजव्या दाराने आत शिरले, खटका दाबला आणि आसन मागे, अगदी मागे, आपल्या लांब पायांच्या मापाने नेऊन बसवले. शेवटच्या खाचेत ते खटकन बसले.

गल्लीच्या तोंडाशी रशीदभाईंनी दोन्ही हात पसरून एक ट्रॅक्टर आणि तीन सायकली अडवून धरल्या. स्टँडातून गाडी बाहेर काढावी तशी त्यांनी हाताने खूण केली. येऊ द्या, येऊ द्या. फियाट थरथरली, तिने गचका खाल्ला, आणि चालू लागली.

चालू लागली. हारांनी नटलेल्या दुकानांवरून, गुलालाने माखलेल्या बैलांच्या शेजारून, नव्या कपड्यांतल्या माणसांच्या गर्दीतून, पहिल्या गिअरमध्ये, मग भीतभीत दुसऱ्या. निकमांचे डोळे रस्त्याला चिकटले होते. मागून कोणी हॉर्न वाजवला, कोणी ओरडलेही, त्यांना काही कळले नाही.

जुना जकात नाका आला. नाका मागे पडला. पुढे कापणीला आलेली शेते, शेतांवर केशरी होत चाललेले ऊन, उन्हात सळसळणारी आपट्याची झाडे. हद्द ओलांडली होती.

"झालं बघ," निकम मोठ्याने म्हणाले, आणि डावीकडे वळून पाहिले.

अकरा महिने उजवीकडची जागा रिकामी होती. आज ती भरली होती. आणि डावीकडे, जिथे सव्वीस वर्षे एक माणूस डोळे मिटून सुखाने बसायचा, तिथे उतरते ऊन तेवढे बसले होते. तो माणूस आता कुठेच नव्हता. रस्ता मात्र पुढे होता. निकमांनी नजर रस्त्यावर आणली, गाडी तिसऱ्यात टाकली, आणि पिवळ्या शेतांच्या मधून ती जात राहिली, एकटी, हळू, जात राहिली.