उभ्या जागी थरथरणारी

या घरात एक नियम आहे आणि त्यावर ‘का’ असं विचारायचं नाही: गाडीच्या इंजिनाला हात लावायचा तो फक्त बाबांनी. मेकॅनिकने नाही, शेजाऱ्याने नाही, आणि मुलीने तर मुळीच नाही. ती गाडी म्हणजे मी. मीच बोलतेय, आणि जरा घाईने बोलतेय, कारण आज मला न्यायला भंगारवाला येणार आहे.

बाबा शाळेत हस्तव्यवसाय शिकवायचे. हात कुशल, यात खोटं नाही. पुठ्ठा, पत्रा, दोरा, काहीही द्या, त्यातून ते कामाची वस्तू काढत. घरातलं काही टाकायचं नाही आणि बाहेरून काही आणायचं नाही, याचा त्यांना फार अभिमान. त्या अभिमानानेच माझा घात केला.

माझ्या कार्ब्युरेटरच्या खाली एक छोटी रबरी नळी होती. ती फाटली. बाबांनी माशांच्या रिकाम्या टाकीतली हवेची नळी कापून तिच्या जागी बसवली. “बघा, कशी चपखल बसली,” म्हणाले. बसली खरी. पण पाण्यात राहिलेली वस्तू ती, इंजिनाच्या धगीत किती तग धरणार? ती कडक झाली, खालच्या अंगाने चिरली, आणि त्या भेगेतून मी नको तेवढी हवा ओढू लागले.

पळताना कळायचं नाही. थांबले की मात्र अंगात हुडहुडी भरायची. आरसे थरथरायचे, धाप लागायची, मध्येच जीव जायचा. मग उभ्या जागी इंजिन जोरात फिरावं म्हणून बाबा बॉनेट उघडून रेसचा स्क्रू थोडा पिळायचे. चार दिवस बरे जायचे. पुन्हा थरथर, पुन्हा पीळ. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेजारी उभे राहून मान हलवायचे. “वय झालं तिचं.”

वय नव्हतं हो झालं. भेग पडली होती. पण सांगणार कशी? मला हॉर्नशिवाय तोंड नाही.

बाबांची मुलगी, घरातली तायडी, रसायनशास्त्र शिकली आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. प्रयोगशाळा गावाबाहेर, तिकडे बस जात नाही. म्हणून ती मला घेऊन जायची. परवा भर चौकात मी तिच्या हातात बंद पडले, पुन्हा पुन्हा पडले. मागून शिव्या येत होत्या आणि ती किल्ली फिरवत होती. घरी निकाल लागला: मी भंगारात, आणि तायडी घरात.

“जवळपास कुठे शिकवण्या घे,” काका म्हणाले.

“गाडी बिघडली तर गाडी दुरुस्त करतात, काका. माणसाची नोकरी काढून घेत नाहीत.”

“जीभ बघा हिची.”

“आधी जेवून घ्या, मग भांडा,” आई म्हणाली. कुणी जेवलं नाही.

आज बाबा आणि काका भंगारवाल्याकडे गेले आणि इकडे तायडीने बॉनेट उघडलं. प्लग काढून घासले. थरथर तशीच. हवेचा फिल्टर बदलला. तशीच. तिचा हात सगळीकडे फिरत होता, नेमकी ती जागा सोडून. मी रडकुंडीला आले. तीही आली असावी, कारण माझ्या मडगार्डवर कपाळ टेकून ती म्हणाली, “बाई गं, सांग ना कुठे दुखतंय.”

मग ती आत गेली आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन आली. मला चालू ठेवून एकेका सांध्यावर फवारत गेली. त्या नळीवर पाणी पडलं, मी ते आत ओढलं आणि मला ठसका लागला. ती थांबली. पुन्हा फवारलं, पुन्हा ठसका. तिने दोन बोटांनी भेग दाबून धरली, आणि माझी थरथर थांबली.

धावत जाऊन तिने दुकानातून रबरी नळी आणली, बसवली. पण स्क्रू इतका पिळलेला, की आता मी जागच्या जागी किंचाळू लागले. नेमके तेव्हाच बाबा आणि काका परतले.

“घालवलीस,” बाबा म्हणाले. “होती तीही घालवलीस. हो बाजूला.”

“भेग शोधायची सोडून तुम्ही स्क्रू पिळत बसलात, बाबा.” आणि ती बाजूला न होता स्क्रू उलटा फिरवू लागली, अगदी सावकाश. माझी किंचाळी उतरत गेली. कित्येक वर्षांनी मी उभी राहून नीट श्वास घेतला.

बाबांनी जुनी नळी उचलली. वाकवली तर तिचे दोन तुकडे झाले.

“बरं, झालं ते झालं,” काका म्हणाले. “चालू गाडी न्यायला त्यालाही सोपं. किल्ली दे. आम्ही शब्द दिलाय.”

“मी दिलेला नाही.”

तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला. भंगारवाला उतरला, माझ्या टपावर थाप मारून म्हणाला, “हीच ना?”

माझे टायर झिजलेत, तळाला गंज आहे, मी काही जन्मभर पुरणार नाही. पण वाचणाऱ्यांनो, चालत्या जिवाला मेलेलं म्हणू नका, एवढंच मागणं.

“हीच,” तायडी म्हणाली. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली होती. “पण न्यायची नाही. उद्या सकाळी हिला घेऊन मी कामावर जाणार आहे.”

त्याने बाबा-काकांकडे पाहिलं. “काय मालक, काय करायचं?”

काका बाबांकडे बघत राहिले, आणि बाबा हातातल्या तुकड्यांकडे.