पाच बहिणींचा पूल

"पाच कमानी, पाच बहिणी! एका अंगाच्या, एका मापाच्या! एकीत बोटभर फरक दाव पोरा, अन् माझं भावसिंग नाव बदलून टाक!"

पन्नास वर्षं झाली असतील. रेल्वेच्या पुलाच्या पोटाखाली, नाल्याच्या गार सावलीत, दगडांच्या सांध्यांत चुना भरता भरता बा असा ओरडायचा. आणि पाचही कमानी एकीमागून एक त्याला ओ द्यायच्या. तो आवाज नेमसिंगच्या कानात अजून ओला होता.

म्हणून तर त्याचं डोकं फिरलं होतं.

ओसरीत, दाराएवढ्या फळीवर, तोच पूल तयार होत होता. आत थर्माकोल, वरून मळलेली काळी माती, ज्वारीच्या ताटाची साल चिरून केलेले रुळांखालचे स्लीपर. रंगासाठी चुलीची काजळी, चुना आणि चिमूटभर गेरू. पहिल्या हाताला पूल म्हशीसारखा दिसला, दुसऱ्याला राखेसारखा. तिसऱ्याला कुठं दगडाला दगडपण आलं. सगळं जमलं होतं. जमत नव्हत्या त्या कमानी.

खरा पूल आता नव्हता. गाडी नव्या पुलावरून जाऊ लागल्याला कैक वर्षं झाली. जुना नुसता बकऱ्यांना सावली देत उभा होता, तोही मागल्या उन्हाळ्यात पाडला. पाडायच्या आदल्या दिवशी नेमसिंगनं अंबाडीचा लांब दोर कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला आणि जिथं जिथं खांब, तिथं तिथं गाठ मारली. पाच कमानी, मधले चार खांब, चार गाठी. ना टेप, ना नकाशा. पुलाचं माप म्हणून जगात एवढा दोरच उरला होता.

आणि दोर म्हणत होता, तिसरी कमान हातभर मोठी आहे आणि चौथी हातभर लहान.

तीनदा मोडलं, तीनदा बांधलं. बाचं खरं असतं तर एका तांब्यावर पाचही कमानी वळल्या असत्या. पण दोराच्या हिशोबानं तीन कमानींना तांब्या लागला, तिसरीला पातेलं, चौथीला फुलपात्र.

"पातेलं देता का?" आतून जमनाबाईचा आवाज आला. "शिलाला पेज करायची हाय. बाळंतीण काय तुमचा पूल खाईल?"

"वाळू दे की जरा!"

"तीन दिसापून वाळूनच राहिलंय ते!"

ओसरीच्या आढ्याला बांधलेल्या झोळीत बाळंतपणाला आलेल्या लेकीची, शिलाची, दोन महिन्यांची रागिणी चुळबुळली. नेमसिंगनं डाव्या हातानं झोळीला हलका झोका दिला.

शेजारचा धर्मसिंग तंबाखू मळत आला. पुलाकडे एक डोळा मिटून बघत म्हणाला, "नेमा, तुझी तिसरी बहीण लई सुटली रे. चौथीच्या वाटचं बी खाल्लं वाटतं."

"दोर तसंच सांगून राहिला, म्या काय करू?"

"तुझ्या दिपकच्या मोबाईलमंदी फोटो हाय ना?"

"हाय की! गॉगल लावून स्वतःच उभा हाय, बराबर तिसऱ्या कमानीसमोर. पुलाचा फोटो काढला का सोयरिकीला पाठवायचा, त्यालाच ठाऊक."

"मंग एखादी गाठ सरकली असंल."

नेमसिंगनं ब्रश आपटला. काजळीचे शिंतोडे धर्मसिंगच्या धोतरावर गेले. "नेमसिंगनं मारलेली गाठ? तीस वर्षं लायनीवर काम केलं म्या. माझी गाठ सरकली तर मिशा उतरवीन!"

दारात पातेल्यासाठी आलेली जमनाबाई पातेलं न घेताच आत वळली. ती चार दिवस अशीच करत होती. दोराचा विषय निघाला की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

धर्मसिंग धोतर झटकत निघून गेला. उन्हं कलली. उद्या सकाळी पूल शाळेत न्यायचा होता. गुरुजींनी खिडकीखालची जागा रिकामी करून ठेवली होती, आणि फळीच्या कडेला पांढऱ्या रंगात नेमसिंगनं आधीच मोठ्या हौसेनं लिहिलं होतं: 'हा पूल भावसिंगनं चाळीस वर्षं जपला.'

तो त्या अक्षरांकडे बघत बसला. चाळीस वर्षं पुलाच्या अंगाखांद्यावर हात फिरवणाऱ्याला हातभर फरक कळला नाही? का कळला होता, आणि पोरापुढं नुसत्या बाता मारल्या? मग बाकीचं काय? पुराच्या पाण्यात कंदील धरून गाडी थांबवल्याचं? साहेबानं पाठ थोपटल्याचं? एक कमान वाकडी निघाली आणि बाचा सगळा जन्मच तिरपा दिसायला लागला.

"लेकरांनी तिथं पट्टी लावून मोजलं तर हसतील," तो स्वतःशीच बोलला. "खोट्या माणसाचं नाव काहून ठेवू?"

त्यानं फडकं रॉकेलमध्ये बुडवलं. 'भावसिंगनं' मधला 'भा' पुसट झाला.

"थांबा!"

जमनाबाई उंबऱ्यात उभी होती. हाताला पीठ तसंच.

"आता काय? पातेलं घे, तांब्या घे, समदं घे!"

"त्यांचं नाव पुसू नका." ती खाली बसली. झोळीच्या दोराकडे नाही, पुलाकडेही नाही, आपल्या पिठाच्या बोटांकडे बघत राहिली. "शिला आली त्या दिशी घरात दुसरा दोर न्हवता. तुमचाच घडी करून आढ्याला बांधला. तिसरी गाठ झोळीखाली येत व्हती, झोळी एका अंगाला कलायची, लेकरू दचकून उठायचं. म्या ती गाठ सोडली. आठ दिसांनी बाजारातून नवा दोर आणला, अन् तुमचा खुंटीवर ठेवताना ती गाठ अंदाजानं परत मारली. चार दिस सांगू सांगू म्हणून राहिले, पर तुमी मिशांवर आले. तुमचा बा खरंच बोलत व्हता. खोटी गाठ माझी हाय."