पान तीनशे अकरा

सून एका प्रकाशकाकडे हस्तलिखितं तपासायची आणि तिथे ती कडक म्हणून नावाजलेली होती. कागदाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा. खाली तिची सही पडल्याशिवाय पुस्तक छापायला जात नसे. असल्या बाईच्या हातात सासऱ्यांनी आपली कादंबरी ठेवली, आणि तीही ऐतिहासिक प्रेमकथा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

सासरे म्हणजे इतिहासाचे निवृत्त मास्तर. सन चुकला की पुढचं उत्तर वाचायचेही नाहीत. सासूबाई गेल्यावर चार महिने ते कोणाशी धड बोलले नव्हते. मग एके दिवशी टेबल खिडकीशी ओढलं आणि लिहायला बसले, ते दोन वर्षं.

"सून म्हणून वाचू नकोस," त्यांनी बजावलं. "कचेरीतल्यासारखं वाच. भीडभाड नको."

तिने तसंच वाचलं आणि रविवारी सकाळी चहाचे कप बाजूला सारून कागद पुढे ठेवला.

"आधी उणिवा सांग," मास्तर म्हणाले. "गोड मागाहून."

"पहिली चाळीस पानं राजघराण्याची वंशावळ आहे, बाबा. नमनाला घडाभर तेल! तुमचा तोफा डागणारा गोलंदाज येईपर्यंत वाचक घोरायला लागेल."

"अगं, पाया नको का?"

"पाया जमिनीखाली असतो."

मास्तर हसले. घासाघीस करून तीस पानं सोडायला तयार झाले.

"आणि प्रेमाचा प्रसंग आला की तुम्ही हवामानात शिरता. गोलंदाज तिचा हात धरतो आणि पुढची दोन पानं नुसता वारा."

मास्तरांचे कान लाल झाले.

डाव्या बाजूला एकच मुद्दा होता, पण त्याने अर्धा कागद अडवला होता: नायिका. कापडं रंगवणारी, कोपरापर्यंत निळ्या हातांची रंगारीण. गोलंदाज लढाईच्या बढाया मारायला लागला की ती म्हणते, "आधी हातपाय धुऊन या, मग जग जिंका." हे वाचताना सून एकटीच खुदकन हसली होती आणि मग चष्मा काढून बसून राहिली होती. अगदी असंच सासूबाई बोलायच्या.

शेवटची उणीव सांगताना तिचा आवाज आपोआप उतरला.

"प्रस्तावनेत तुम्ही जुनी नोंद दिली आहे. साथीच्या वर्षी बासष्ट आजाऱ्यांना प्रवाशांच्या सराईत कोंडलं, त्यातलं कोणीही वाचलं नाही. रंगारीण त्या बासष्टांतली. आणि पान तीनशे अकरावर, नवव्या दिवशी, ती उठून बसते आणि खायला मागते. औषध नाही, कारण नाही, काही नाही. हे असं मला पुढे पाठवता यायचं नाही, बाबा."

सासूबाईही तापानेच गेल्या होत्या. रुग्णालयात, नवव्या दिवशी.

मास्तरांनी तो कागद पालथा घातला.

"मला कळत नाही होय? नोंद मीच दिली आहे. चारदा लिहायला घेतलं. आठव्या दिवसापर्यंत व्यवस्थित येतो, मग हातच चालत नाही. खरं घडलं तेव्हा माझं काही चाललं नाही, सूनबाई. इथे लेखणी माझ्या हातात आहे. मग मीच मारू तिला?"

नोंदीतल्या बासष्टचे त्रेसष्ट करून त्यातली एक वाचली म्हणणं सोपं होतं, पण नोंद बदला असं या माणसाला सांगायला सुनेची जीभ रेटेना.

"नका मारू," ती म्हणाली. "पण वाचकाला फसवूही नका. आत्ता मला सांगितलंत ना, तेच शेवटी दोन ओळींत लिहा. मी सही करते."

मास्तरांनी तिथेच लिहिलं, कागद तिच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. 'नोंद खरी आहे,' त्यांनी लिहिलं होतं, 'तरीही ती बरी होऊन घरी आली, असं मी लिहिलं आहे. दुसरं काही मला लिहिता आलं नाही.' फक्त त्यातल्या 'ती'पुढे त्यांनी नावही घातलं होतं, आणि ते रंगारणीचं नव्हतं. सासूबाईंचं होतं. मास्तरांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

सुनेने पेन्सिल उचलली. वीस वर्षांत तिने एकाही लेखकाची चूक सोडली नव्हती. नावाला हात न लावता तिने खाली सही केली.