बाईंच्या बोटाचं वजन

अंधशाळेत ब्रेल शिकवणाऱ्या बाईंचा एकच मंत्र होता: कागदावरच्या उठावदार ठिपक्यांवरून बोट असं फिरवायचं, की त्यांना गुदगुल्यासुद्धा होता कामा नयेत. बावीस वर्षं हेच ऐकवून त्यांनी पोरींचे कान किटवले होते. त्यामुळे वाचताना बोटाचा दाब किती पडतो ते मोजणारं यंत्र घेऊन एक संशोधक सर आले, तेव्हा बाई सगळ्यांच्या आधी खुर्चीत जाऊन बसल्या आणि अख्खा वर्ग त्यांनी मागे उभा केला. हलकं बोट कशाला म्हणतात ते एकदा कळू दे सगळ्यांना.

सरांनी यंत्रावर पान ठेवलं. बाई वाचू लागल्या. गोष्ट एका बदकाची असावी. नीट लागतच नव्हती.

"एकशे दहा ग्रॅम," सर म्हणाले.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. त्यात सरांनी भाबडेपणाने सांगून टाकलं, की गेल्या महिन्यात नुकतंच ब्रेल शिकायला लागलेल्या एका आजोबांचा आकडा चाळीस आला होता.

बाईंची कानशिलं तापली. बावीस वर्षांची अब्रू एका बदकापायी पाण्यात चालली होती. श्वास रोखून, खांदे सैल सोडून त्यांनी पुन्हा वाचलं. एकशे तीस.

"बाई, ठिपके आता रडायला लागले असतील," वर्गातली सगळ्यात आगाऊ पोरगी म्हणाली.

बाईंनी कागदाचा कोपरान् कोपरा चाचपला. इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत.

"सर, हे पान ठेवलं कुठे होतं?"

सर कौतुकाने सांगू लागले. पान गुंडाळी होऊन आलं होतं, म्हणून त्यांनी ते आठवडाभर चार जाडजूड शब्दकोशांखाली दाबून छान सरळ केलं होतं.

"ठिपकेसुद्धा सरळ केलेत," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी वर्गातून सकाळीच टोचून लिहिलेला एक निबंध मागवला. तो नेमका त्या आगाऊ पोरीचा निघाला. विषय होता 'आमच्या बाई'. पोरगी हळूच मैत्रिणींच्या मागे सरकली. बाई मनातल्या मनात वाचत गेल्या आणि सर आकडे सांगत गेले: आठ, सात, आठ. पोरींनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"फक्त शेवटच्या ओळीला वीस झाले," सर म्हणाले.

"होणारच. मधल्या सुट्टीत मी घोरते, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "ते मोजायचं काही यंत्र आहे का हो तुमच्याकडे? एकदा सोक्षमोक्ष लावून टाकू."