चार हातांचं काम

"द्या इकडे. नुसता नाचतोय."

"मी कुठे? हात नाचतोय," असं म्हणत रेडिओ मेकॅनिकने मीटरच्या दोन्ही पिना बायकोच्या हातात दिल्या. तिने त्या ट्रान्झिस्टरच्या पायांवर टेकवून धरल्या आणि त्याने काटा वाचला.

त्याच्या आजारपणानंतर हे असंच चाललं होतं. सोल्डरिंग करताना मनगट लाकडी ठोकळ्यावर टेकवता यायचं, पण केसाएवढ्या पायांवर पिना धरणं त्याच्या हातांना जमेना. मग ती कामाच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसू लागली.

आता लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, आणि घरात मोठं माणूस नाही. तरी आईचा पाय निघेना.

"दुकान बंद ठेवतो मी," तो म्हणायचा.

"ठेवा. आणि दिवसभर भिंतींशी भांडा."

शेवटी लेकीनेच पार्सल पाठवलं. तळहाताएवढी पेटी, तिला छोटा पडदा, भोकांची पट्टी आणि एक खटका.

"खेळणं आहे," तो फोनवर म्हणाला.

"स्वस्तातलं आहे बाबा, पण भाग ओळखतं. पाय भोकांत घालायचे, खटका पाडायचा, बटण दाबायचं. आणि आईला सोडायचं."

त्याने एक चांगला कपॅसिटर घेतला. सवयीने आधी स्क्रूड्रायव्हर आडवा धरून त्यातला उरलासुरला करंट घालवला. मनगट ठोकळ्यावर टेकवून पाय भोकांत घातले, खटका पाडला, बटण दाबलं. पडद्यावर आलं, भाग सापडला नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"बघ," तो एवढंच म्हणाला.

ती उठली. आतल्या खोलीत गेली, पलंगावर उघडी पडलेली बॅग तिने मिटली. मग चष्मा लावून परत आली आणि पेटीवर वाकली.

"अहो, भोकांखाली आकडे आहेत. तुमचे दोन्ही पाय एक नंबरातच आहेत."

त्याच्या लक्षात आलं. एका नंबराची सगळी भोकं आतून जोडलेली असणार. पेटीच्या लेखी दोन्ही पाय एकाच जागी होते.

"हे मला कळायला हवं होतं."

"आकडे बारीक आहेत हो."

दुसरा पाय दोन नंबरात गेला. पडद्यावर आकडा उमटला, कपॅसिटरच्या अंगावर छापला होता तेवढाच. मग त्याने मघाचा ट्रान्झिस्टर लावला. कुठला पाय कोणता, तिन्हींची ओळख पेटीने पटापट सांगितली. त्याचा हात बाजूला थरथरत होता, पण पेटीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

त्याने खुर्चीत पाठ टेकली. खूप दिवसांनी.

"जा तू," तो म्हणाला. "तिकीट बघू या."

"तिनेच काढलंय, उद्या सकाळचं. रद्द करता येतं म्हणाली होती."

"आई तशी लेक."

ती हसली आणि बॅग पुन्हा उघडायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने एक रेडिओ बोलता केला आणि दुसरा उघडला. टेबलावर झालेला रेडिओ ठेवायला जागा नव्हती. तिचं स्टूल रिकामंच होतं. क्षणभर रेडिओ हातात धरून तो उभा राहिला, आणि मग त्याने तो जमिनीवर ठेवला.