पलटणीची राई

पुण्याहून आलेल्या चिंतामण साहेबांनी शाळेतल्या माझ्या टेबलावर एक फोटो पसरला. उपग्रहानं आभाळातून काढलेला. सत्याहत्तर सालचा मे महिना होता. मी वाईची, कृष्णेकाठी वाढलेली. विट्याजवळच्या या माळावरच्या गावात मास्तरीण होऊन आले तेव्हापासून पाणी शोधायला आलेले साहेब पुष्कळ पाहिले होते. माझा विश्वास केव्हाच उडाला होता.

"यात हिरवी झाडं तांबडी दिसतात, बाई," ते म्हणाले. सगळा मुलूख राखेच्या रंगाचा आणि मधेच एक तांबडा ठिपका. "एवढ्या उन्हाळ्यात इथं हिरवं टिकलंय, म्हणजे खाली पाणी असणार. बोअर इथंच घेऊ."

बोअर एकच मिळणार होती. ती कोरडी गेली की बोअर खणणारी गाडी पुढच्या गावाला.

तो ठिपका म्हणजे पलटणीची राई. गावातला गडी पलटणीत भरती झाला की माळावर त्याच्या नावाचं झाड लावायचं आणि तो परत येईपर्यंत घरातल्या बाईनं त्याला पाणी घालायचं, अशी इथली रीत. तीन पिढ्यांची झाडं झाली होती.

मी साळूबाईच्या घरात भाड्यानं राहत होते. तिचा नवरा, आकाराम, एकाहत्तरच्या लढाईतून आलाच नाही. सरकारदरबारी बेपत्ता. साळूबाई कुंकू लावायची, परातीत उभी राहून आंघोळ करायची आणि ते साठलेलं पाणी त्याच्या चिंचेला नेऊन घालायची. यंदा प्यायलाच पाणी नव्हतं, म्हणून झाडं सोडून द्यावीत असं बायकांचं ठरत आलं होतं. इतरांचं ठीक होतं. झाड वाळलं तरी गडी सुट्टीवर घरी यायचा. साळूबाईकडं त्या झाडाशिवाय काय होतं?

राईत पाणी आहे म्हटल्यावर गाव हरखलं. एवढ्या वरून दिसलं म्हणजे खरंच असणार! आपण इतकी वर्षं वाहिलेले हंडे बायकाही विसरल्या. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि मग स्वतःचाही, कारण मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

साळूबाई मात्र जेवली नाही. सकाळी ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"सायेब, राईत पानी न्हाई."

"फोटोत दिसतंय ना, वहिनी."

"ते आमीच घातलेलं हाय. आंगुळीचं, भांड्याचं." बोअर हातची जाईल, हे तिला कळत होतं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि ते भिंग घेऊन पुन्हा फोटोवर वाकले. बऱ्याच वेळानं ओढ्यापलीकडच्या एका पुसट तांबड्या रेघेवर त्यांचं बोट थांबलं. "आणि इथं कोण पाणी घालतं?"

"तितं? तितं कुत्रं बी जात न्हाई."

साहेब लहान मुलासारखे हसले. "मग तिथंच बघू."

जाता जाता ती वळली. "वरनं माजी चिंच दिसती व्हय?"

"एकटी नाही दिसत, वहिनी. सगळ्यांची मिळून दिसतात."

हे तिनं घरी जाऊन जावेला सांगितलं, जावेनं गावभर. झाडं सोडायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

साहेबांनी यंत्रानं जमीन तपासली, मग गाडी आली. ओढ्यापलीकडं आधी धुरळा उडाला, मग चिखल, मग पाणी. माणसं ओरडत होती, गुलाल उधळत होती. साळूबाईनं गपचूप पहिली घागर भरली आणि राईची वाट धरली. तिच्यामागून बायकांची रांग. माझं कुणीच पलटणीत नव्हतं, तरी मीही हंडा घेऊन निघाले.

चिंचेच्या बुंध्याशी ती वाकली. मी जवळच होते, म्हणून ऐकू आलं.

"आवं," ती हळूच म्हणाली, "आज आंगुळीचं न्हाई. चांगलं पानी हाय."